स्ट्रोकमध्ये बोटांना सुई टोचायचा तो मेसेज आता पुरे झाला

हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, भाषा बदलते पण मजकूर तोच. कुणाला स्ट्रोक आला (पक्षाघात, लकवा, काय म्हणायचं ते म्हणा) तर त्याला जागचं हलवू नका, हलवलंत तर मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. तिथंच बसवा, सुई ज्योतीवर तापवा, दहाही बोटांच्या टोकांना टोचा, थेंब थेंब रक्त आलं की पेशंट शुद्धीवर येतो. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईस्तोवर ओढा आणि पाळ्यांना टोचा. सगळं नॉर्मल झालं की मग हॉस्पिटल. वर 'चीनमधल्या एका प्राध्यापकाची पद्धत, शंभर टक्के गुण' आणि खाली 'एक जीव वाचवा, पुढे पाठवा'.

आजवर डिलीट करून सोडून देत होतो. पण परवा भाचीने नववीच्या आरोग्याच्या प्रोजेक्टमध्ये 'स्ट्रोक: प्रथमोपचार' या मथळ्याखाली हेच सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, शेजारी सुईचं चित्र काढलं आणि 'मामा, एकदा बघून दे ना' म्हणून मला पाठवलं. ताईला फोन केला तर ती म्हणे, 'अरे खरंय ते, मी सुया आणून पण ठेवल्यात औषधांच्या डब्यात.' तेव्हा आता मुद्देसूद लिहितो, आणि थोडा चिडलेलाच आहे हे आधीच सांगतो.

'जागचं हलवू नका, आधी टोचा, मग हॉस्पिटल'

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. बाकीचा मूर्खपणा एक वेळ चालला असता, या ओळीने माणसं मरतात किंवा आयुष्यभर अंथरुणाला खिळतात.

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बिघडणं. बहुतेक वेळा मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. बाकीच्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून आत रक्तस्राव होतो. म्हणजे मेसेजवाले ज्या 'केशवाहिन्या एकामागून एक फुटतात' म्हणतात तसं बहुतेक पेशंटमध्ये काही होतच नसतं, तिथं फुटलेलं काही नाही, तुंबलेलं आहे.

आता मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण आपण विश्रांती घेत असताना सुद्धा शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी 20 टक्क्यांच्या आसपास तोच खातो, आणि साठा करून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. पुरवठा थांबला की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. किती वेगाने, याचा हिशोब 2006 मध्ये जेफ्री सेव्हर या न्यूरॉलॉजिस्टने 'स्ट्रोक' नावाच्या जर्नलमध्ये मांडला होता: मोठी धमनी तुंबली आणि उपचार नाही झाले तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी जातात. दर मिनिटाला! (सरासरी आहे, माणसागणिक कमीजास्त होतं, ते मान्य.) आता मेसेजप्रमाणे वागून बघा. सुई शोधा, तापवा, थंड होऊ द्या, दहा बोटं टोचा, 'काही मिनिटं वाट बघा', मग कान ओढा, परत टोचा, परत वाट बघा. अर्धा तास कुठेच गेला नाही, आणि 19 लाख गुणिले 30 म्हणजे पावणेसहा कोटींच्या जवळपास पेशी. मेलेल्या चेतापेशी परत उगवत नाहीत हे नववीच्या मुलांना मी वेगळं सांगायला नको.

'पण हलवलं आणि गाडीच्या धक्क्यांनी आणखी फुटलं तर?' ताईने हेच विचारलं. जर्मनीत स्ट्रोकसाठी अशा ॲम्ब्युलन्स सुरू केल्या की ज्यांच्यात सीटी स्कॅनचं मशीनच बसवलेलं असतं, पेशंटला आत घेतात आणि तिथंच मेंदूचा फोटो काढतात. हलवण्याने मेंदूच्या वाहिन्या फुटत असत्या तर न्यूरॉलॉजीवाल्यांनी हा उद्योग केला असता का? आणि समजा रक्तस्रावाचाच स्ट्रोक आहे, तरी त्या माणसाला हॉस्पिटलची गरज जास्तच आहे, कारण ब्लडप्रेशर आटोक्यात आणणं, तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर त्यांचा परिणाम उलटवणं, कधी कधी ऑपरेशन, यातलं घरी काय होणार आहे?

दोन प्रकारांतला फरक बाहेरून बघून कुणालाच, अगदी मोठ्या डॉक्टरलाही, खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी स्कॅन लागतो. म्हणूनच 'स्ट्रोक वाटतोय, एक ॲस्पिरिन देऊन टाक' हा दुसरा शहाणपणाही घरी करायचा नाही. आत रक्तस्राव असेल तर ती गोळी उलट भोवते. शिवाय स्ट्रोकमध्ये गिळायची क्रिया बिघडू शकते, गोळी काय आणि पाण्याचा घोट काय, श्वासनलिकेत जाऊ शकतो.

'बोटांतून रक्त काढलं की मेंदूवरचा ताण कमी होतो'

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. दहा बोटांचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर धरा, एकूण रक्ताचा दहा हजारावा भाग. शुगर तपासायला बोट टोचतो तेव्हा कुणाच्या मेंदूवरचा ताण उतरलेला ऐकलाय? गच्चीवरून येणारा मुख्य पाइप तुंबलाय आणि आपण खालच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ थेंबभर सोडून बघतोय, त्यातला प्रकार.

गंमत म्हणजे त्यांची स्वतःची थिअरी खरी धरली तरी हा उपाय उलटाच पडतो. केशवाहिन्या फुटायच्या बेतात आहेत म्हणता ना? मग घाबरलेल्या माणसाच्या दहा बोटांत तापवलेली सुई खुपसल्यावर वेदनेने त्याचं ब्लडप्रेशर वर जाणार की खाली?

आणि ते 'शुद्धीवर येतो' प्रकरण. गुंगीत असलेल्या माणसाला दुखवलं तर तो हात मागे घेतो, कण्हतो, डोळे उघडतो. शुद्ध किती आहे हे तपासायला डॉक्टर मुद्दाम नखावर दाब देऊन बघतात, तेच हे. ती दुखण्याला दिलेली प्रतिक्रिया आहे, गुठळी जिथल्या तिथं असते.

'कान ओढा, तोंड सरळ होईल'

यावर फार वेळ घालवत नाही. तोंड वाकडं होतं कारण चेहऱ्याचे स्नायू हलवायचा हुकूम जिथून निघतो तो मेंदूचा भाग बंद पडलेला असतो. कानाच्या पाळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. विद्यार्थ्यांसाठी एक खरंच बघण्यासारखी गोष्ट मात्र आहे: कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, म्हणून नेहमीच्या स्ट्रोकमध्ये चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडला तरी कपाळाला आठ्या घालता येतात. चेहऱ्याची नसच सुजली (बेल्स पाल्सी) तर अख्खी एक बाजू जाते, कपाळासकट. पण हा फरक घरी बसून ठरवायचा नाही, तोंड वाकडं दिसलं की निघायचं.

'आमच्या ओळखीच्यांना गुण आला'

इथं बरेच लोक अडकतात, कारण ते खोटं बोलत नसतात. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं: हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, सुई टोचली, पंधरा मिनिटांत माणूस ठणठणीत.

तर गुठळी कधी कधी आपली आपण विरघळते आणि रक्त परत वाहू लागतं. याला टीआयए म्हणतात, लोक मिनी स्ट्रोक म्हणतात. लक्षणं सगळी स्ट्रोकचीच, पण थोड्या वेळात जातात, सुई टोचा, टोचू नका, शेजारी बसून पाढे म्हणा, जाणारच. मधुमेहाच्या पेशंटची साखर एकदम उतरली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसू शकतं. आता या 'गुण आलेल्या' माणसाचं पुढे काय होतं? तो घरी राहतो. टीआयएनंतर खरा मोठा स्ट्रोक यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, म्हणजे ज्या दोन दिवसांत तपासण्या आणि औषधं सुरू व्हायला हवी होती त्यातच घरचे सुईचं कौतुक सांगत बसलेले असतात.

बरं, खरं काय आहे त्यात

नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. या मेसेजच्या काही आवृत्त्यांत वर लिहिलेलं असतं की पेशंटला हसायला सांगा, एखादं वाक्य बोलायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, आणि तीन तासांच्या आत डॉक्टरकडे पोचला तर स्ट्रोक 'पूर्णपणे' बरा होतो. पहिला भाग बरोबर आहे. चेहरा एका बाजूला ओघळलाय का, एक हात खाली येतोय का, बोलणं बरळल्यासारखं आहे का, हीच तपासणी जगभर शिकवतात. (जीभ बाहेर काढून वाकडी आहे का बघा, हे त्यात चिकटवलेलं शेपूट आहे, सोडून द्या.)

तीन तासही हवेतून आलेले नाहीत. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत दिलं, तेव्हा तीन महिन्यांनी अपंगत्व जवळजवळ न राहिलेल्यांचं प्रमाण औषध न मिळालेल्यांपेक्षा निदान 30 टक्क्यांनी जास्त निघालं. मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोकाही त्या औषधाने वाढला होता, म्हणूनच आधी स्कॅन. पुढे 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली, आणि 2015 पासून मोठ्या धमनीतली गुठळी तार घालून बाहेर काढायचा उपचार पक्का झाला, तो निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतही करतात. तेव्हा 'पूर्णपणे बरा' ही थाप, 'लवकर गेल्यास फायदा' हे सत्य. आणि त्याच मेसेजच्या खालच्या अर्ध्यात हलवू नका म्हणून तेच तीन तास वाया घालवायला सांगतात, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

भाचीला सुईचं चित्र काढून टाकायला सांगितलंय. त्या जागी तिने लिहिलंय: ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा, तोंडाने काही देऊ नका, बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, बसवू नका. आणि एक वेळ कागदावर लिहून न्या, लक्षणं दिसली ती नव्हे, तर माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती. रात्री दहाला चांगला झोपला आणि सकाळी सहाला उठताना हात हलेना, तर वेळ रात्री दहाची लिहायची. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवायला लागतात, आणि ते तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतील.