भजन झोपून ऐकत नाहीत

परवाच्या रविवारी मला माझ्याच अंगणात, माझ्याच खाटेवर मांडी घालून बसवण्यात आलं. स्पीकर माझा, गाणंही माझंच. कंबर अजून धरलेली आहे. कंबरेहून जास्त जे धरलंय, त्याच्यावर मलम मिळत नाही.

काम तसं एकच होतं. वावरात जाऊन ई-पीक पाहणी. २०२१ पासून हे काम तलाठ्याच्या दप्तरातून आमच्या खिशात आलंय. बांधावर जायचं, गट नंबर निवडायचा, पेरा भरायचा, उभ्या पिकाचा फोटो काढायचा. घरी बसून फोटो टाकता येत नाही, जीपीएस चुगली करतो. आता पंचाईत बघा. फोटो फोननंच काढायचा आणि गाणीही फोनमध्येच. फोन वावरात गेला की अंगण मुकं. दोहोंपैकी एकच शक्य होतं, आणि वार रविवार होता.

आळसाची यादी करायला मात्र आळस चालत नाही. तीन तासांची यादी हवी, म्हणजे चार-चार मिनिटांची पंचेचाळीस गाणी. कमी भरली की संपते, संपली की उठावं लागतं, आणि उठलेला माणूस वावर आठवतो. ठेका मिनिटाला सत्तर ते पंचाण्णवच्या मधला. एकशेदहाच्या वर गेला की पाय हलायला लागतो, आणि पाय हलला की घरच्यांना वाटतं हा निघाला. गाणी शनिवारी रात्रीच उतरवून ठेवायची. तीन तासांना ९६ किलोबिटच्या दर्जात साधारण १३० एमबी लागतात, ३२० च्या दर्जात ४३० च्या आसपास. पाच हजार रुपयांच्या आतल्या स्पीकरवर या दोहोंतला फरक ऐकू येतो असं म्हणणारा माणूस एकतर थापाड्या किंवा वटवाघूळ. आमच्याकडे नेटवर्कच्या दोन दांड्या दिसतात, त्यातली एक शोभेची. त्यामुळे ऐनवेळी उतरवू म्हणाल तर गाणं प्रत्येक कडव्याला उचकी देतं.

अ‍ॅपमध्ये आवाज समान ठेवायची सेटिंग असते, ती चालू करायचीच. इंडी (सिनेमाबाहेरची) गाणी पुष्कळदा हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेली असतात, कुजबुजण्यापासून ओरडण्यापर्यंत जागा ठेवून. त्यांच्यामागून एखादं दाबून भरलेलं गाणं आलं की खाटेवरचा माणूस थेट जमिनीवर. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की खालचा सूर फुगतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. टिनाच्या पडवीला टेकवला तर पत्राच बास वाजवतो. खाटेच्या उशालगत, कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवावा. घमेल्यात ठेवू नये. घमेल्यात आवाज वाढतो हे खरं, पण गिटारसुद्धा घमेल्यासारखीच वाजते.

इतकं सगळं करून मी आडवा झालो. वर कडुनिंब. पहिलं गाणं ‘छू लो’, द लोकल ट्रेन या बँडचं. त्यांच्या २०१५ च्या अल्बमचं नावच मुळी ‘आलस का पेड़’, म्हणजे आळसाचं झाड. यादीची सुरुवात याच्याहून योग्य होऊच शकत नाही असं मनात म्हणतोय, तोवर फाटक वाजलं. शेजारचे आबाजी.

आबाजींना काम नसतं, पण ते रिकामे कधीच नसतात. स्टुलाकडे बघत ते खाटेच्या पायथ्याशी टेकले.

“कायचं गानं हाये?”

“लोकल ट्रेन म्हणून बँड आहे, आबाजी.”

“लोकल ट्रेन!” आबाजींनी सुस्कारा टाकला. “आमची शकुंतला बी बंद पाडली राजेहो. मूर्तिजापूर-यवतमाळ. गाडीतून उतरून, बिडी-काडी करून, पुन्हा चढता ये इतकी चांगली गाडी.”

शकुंतलेवर दहा मिनिटं गेली. नॅरोगेज, इंग्रज कंपनी, कापसाच्या गाठी. तेवढ्यात माझी दोन गाणी वाया गेली. मग प्रतीक कुहाडचं ‘कसूर’ लागलं. २०२० चं गाणं, गिटारचे मोजके सूर आणि उशीशेजारी बोलावं तसा आवाज. आबाजी कान देऊन बसले. पार शेवटच्या ओळीपर्यंत बसले. मग म्हणाले,

“सुरू कवा होते?”

“काय?”

“गानं.”

“झालं की, आबाजी. संपलं.”

“संपलं? मले वाटलं तो अजून माईक तपासून राह्यला.” थोडं थांबून, काळजीनं, “आवाज बसला काय त्याचा? अडुळसा द्या म्हना.”

मी म्हणालो, ही गायची पद्धत आहे, याला इंडी म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. स्वतंत्र.

“विदर्भवादी हाये?”

“नाही हो. सिनेमापासून स्वतंत्र. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं. हा तर न्यूयॉर्कला गणित आणि अर्थशास्त्र शिकून आलेला आहे.”

आबाजींच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख पसरलं. “एवढं शिकून बी,” ते म्हणाले, “नौकरी नायी लागली.”

बराक ओबामांनी २०१९ च्या आपल्या आवडत्या गाण्यांत याचंच एक गाणं घेतलं होतं, हे मी सांगितलं. आबाजी म्हणाले, त्यायले तरी पद सुटल्यावर काय काम हाये.

यावर उत्तर नव्हतं. मी पुढे ढकललं. मेलबर्नची कोर्टनी बार्नेट लागली. तिच्या २०१५ च्या अल्बमच्या नावाचा अर्थ आहे, कधी मी बसून विचार करते आणि कधी नुसतीच बसते. आबाजी म्हणाले, हे मी चाळीस वर्षांपासून पारावर करून राह्यलो, मायी कोनी तबकडी नायी काढली. तिचं त्याआधीचं ‘अव्हांट गार्डनर’ तर मी मुद्दाम घातलं होतं. त्यात उन्हाळ्याच्या तापलेल्या सोमवारी एक बाई उगाच कामाला लागावं म्हणून बागेतलं तण काढायला जाते, तिचा श्वास कोंडतो आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. वावरात न जाण्याचा इतका सबळ पुरावा मला दुसऱ्या कुठल्याही गाण्यात सापडलेला नाही. मी तो आबाजींना अर्थासकट ऐकवला.

“किती एकर?”

“घरापुढची बाग, आबाजी.”

“एवढ्याशा निंदनाले ॲम्ब्युलन्स?” ते माझ्याकडे वळले. “तुह्या ई-पीकचं काय झालं?”

गावात हीच गंमत आहे. तुम्ही काय टाळताय हे तुमच्याआधी गावाला माहीत असतं. पारावर आठ जणांनी मिळून दिवसभर काही केलं नाही तर ती बैठक. अंगणात एकट्यानं काही केलं नाही तर पोट्टं बिघडलं. मंडळाचा डीजे रात्री छाती हादरवतो, खिडकीची काच चौकटीसकट नाचवतो, तेव्हा विचारायला कोणी फाटक उघडत नाही. आणि भरदुपारी, पाखरालाही ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात एक गिटार वाजली की चौकशी समिती हजर. गाणी सुचवणारं अ‍ॅपही गावाच्याच बाजूचं. तीन वर्षं याला सांगतोय मला काय आवडतं, तरी दर शुक्रवारी हळदीची गाणी पुढे करतं. याला कोणी सांगितलं की आमच्याकडे फक्त वरातीच निघतात?

असो. मी राग गिळला आणि डोळे मिटले. तेव्हाच ते गाणं लागलं.

इंडियन ओशनचं ‘कंदिसा’, २००० सालचं. मी ते नेहमी यादीच्या अर्ध्यावर ठेवतो, कारण त्या सुमारास झोप आणि जाग यांच्यातला बांध फुटलेला असतो आणि हे गाणं त्या पाण्याबरोबर वाहतं. आबाजींनी पाठ ताठ केली.

“कोनती भाषा हे?”

आणि इथे माझी चूक झाली. गप्प बसायचं सोडून मी माहिती दिली. म्हटलं, अरामी भाषा आहे, फार जुनी. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना आहे.

“म्हंजे देवाचं हाये.”

“तसं म्हटलं तर...”

“मंग हे भजन झालं.” आबाजींनी पायातल्या चपला काढल्या. “अन् भजन कोनी झोपून आयकते काय, बाबू? ऊठ.”

“अहो, आपल्या धर्माचं—”

“तुकडोजी महाराजायनं सामुदायिक प्रार्थनेत कोनाले कोनता देव म्हून इचारलं काय? बस सरळ. पाय आत घे.”

मोझरीपर्यंत, म्हणजे महाराजांच्या आश्रमापर्यंत, गोष्ट गेल्यावर आमच्या भागातला माणूस वाद घालू शकत नाही. मी मांडी घातली. खाटेची सुतळी ढिली, मधोमध खड्डा. त्या खड्ड्यात मांडी घालून ताठ बसून बघा म्हणजे कळेल. आबाजी गुडघ्यावर खंजिरीचा ठेका धरून बसले आणि, हे सांगायला मला अजिबात आवडत नाही, त्यांची सम एकदाही चुकली नाही. गाणं संपल्यावर त्यांनी हात जोडले. “चांगलं म्हनते. पन ते पह्यलं पोट्टं अडुळशावाचून सुधरत नायी.”

बसलेला माणूस आणि उठलेला माणूस यांत फार अंतर नसतं. मी फोन उचलला आणि वावराकडे निघालो.

आता त्या स्पीकरचा गुण. स्वस्त ब्लूटूथ स्पीकरला पिन नसतो. पल्ला मोकळ्या जागी दहा मीटर, मधे मातीची भिंत आली की त्याच्या निम्मा. फोन पल्ल्याबाहेर गेला की स्पीकर घसा फोडून इंग्रजीत सांगतो की मी मोकळा आहे, आणि ज्याचा फोन आधी पकडेल त्याचा होतो. आबाजींच्या नातवानं पोळ्याला तो एकदा जोडून घेतला होता. यावर उपाय एकच, निघताना मागचं बटण दाबून स्पीकर बंद करणं. मी रागात होतो, दाबलं नाही.

वावरात अ‍ॅप सुरू केलं. सर्व्हरचं चाक फिरत राहिलं. पऱ्हाटीला फुलं-पात्या बऱ्या होत्या, सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या. तासाभरानं फोटो एकदाचा चढला.

परतताना फाटकाच्या आधीच ऐकू आलं. ‘गुलाबी साडी’. पूर्ण आवाजात, घमेल्यात. नातवानं स्पीकर घमेल्यात ठेवला होता. चिडून काही बोलणार होतो, पण हे गाणंही सिनेमातलं नाही, २०२४ साली एका जळगावच्या पोरानं स्वतःच लिहून गायलेलं आहे. म्हणजे मीच दुपारी केलेल्या व्याख्येत चपखल बसणारं. गिळलं.

आबाजी माझ्या खाटेवर आडवे पसरले होते, माझी उशी डोक्याखाली, डोळे मिटलेले, पायाचा अंगठा तालावर.

“आबाजी,” मी म्हटलं, “गाणं झोपून ऐकतात होय?”

त्यांनी एक डोळा उघडला.

“हे काय भजन नोये,” ते म्हणाले, “अन् तू उन्हात कायले उभा हायेस? बस न खाली.”