पाहुणचाराचं व्यस्त प्रमाण

साईटवर पोचल्या पोचल्या कुणी मला बसायला खुर्ची दिली की मी सावध होतो. खुर्चीपाठोपाठ गार पाण्याची बाटली आली, तर काँक्रीट किती पातळ आहे ते मोजायचा स्लम्प कोन पिशवीतून जरा लवकरच बाहेर काढतो. आणि "साहेब, आधी मिसळ खाऊन घेऊ, मग तुमचं क्यूबबिब बघू" असं कुणी खांद्यावर हात टाकून म्हणालं, तर काँक्रीटच्या मिक्सरमध्ये काय चाललंय ते उठून बघायचीही गरज उरत नाही. पाणी पडलंय. नक्की पडलंय.

हे ज्ञान आमच्या अभ्यासक्रमात नाही. सिव्हिलचं दुसरं वर्ष संपवून सुट्टीपुरता मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये चिकटलो, तिथे ते मिळालं. खरं तर मला डिझाइनच्या ऑफिसात जायचं होतं. एसी, फिरती खुर्ची, कॉफीचं मशीन. पण तिथे माझ्या वर्गातली हुशार मुलं आधीच रांग लावून बसली होती. लॅबच्या सरांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "गाडी आहे?" आहे म्हटलं. "मग ये उद्यापासून." माझ्या मार्कांबद्दल चकार शब्द नाही. बाहेर येऊन त्यांनी माझ्या स्कूटरची सीट आणि पुढची पाय ठेवायची जागा तेवढी दाबून पाहिली.

का, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. काँक्रीटचा क्यूब म्हणजे ताकद तपासायला साईटवरच्या मालातून भरायचा ठोकळा, लांबी, रुंदी, उंची सगळीकडून १५० मिलीमीटर. ऐकायला किरकोळ. वजन आठ किलोच्या वर. एका नमुन्याच्या वेळी एका वयाचे तीन क्यूब लागतात, म्हणजे सात दिवसांनी फोडायचे तीन आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे तीन. शिवाय ज्यात ते भरायचे ते साचे ओतीव लोखंडाचे, क्यूबहून जड. हे सगळं पायांत घेऊन त्र्यंबक रोडवरून जाताना गुडघे कानापर्यंत येतात. वाटेत शाळेतला मित्र भेटतो, विचारतो, "काय रे, टाइल्सचं दुकान टाकलंस का?"

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला असल्यामुळे नाशिकमध्ये सध्या खणलेलं नाही असं ठिकाण शोधावं लागतं. रस्ते, घाट, पूल, आणि त्या उत्साहात खाजगी बिल्डरांच्याही इमारती. जिथे काँक्रीट तिथे क्यूब, आणि जिथे क्यूब तिथे मी.

आता पाण्याची भानगड. एम-२५ काँक्रीट म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी दर चौरस मिलीमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारं. त्यासाठी सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला फार तर २५ लिटर पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलं की काँक्रीट छान वाहतं, छान पसरतं, बिगाऱ्यांचे हात वाचतात आणि ताकद उतरते. डफ अब्राम्स नावाच्या अमेरिकन माणसाने हे १९१८ मध्येच प्रयोग करून मांडून ठेवलंय. पण अब्राम्स मे महिन्यात दुपारी दोन वाजता द्वारका चौकात कधी अडकला नव्हता. रेडी मिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी प्लांटवरून निघते तेव्हा माल अगदी शहाणा असतो. तो दोन तासांच्या आत रिकामा करायचा असतो. मग द्वारकेला वाहतूक तुंबते, वर चाळीस अंश, आत ड्रम गरगरतोय, आणि आडगावला पोचेपर्यंत माल इतका घट्ट होतो की पंपातून जायला तयार नाही. साईटवर पन्नास माणसं स्लॅबवर उभी. पंपवाला ओरडतोय, मुकादम कंत्राटदाराला फोन लावतोय, आणि तेवढ्यात कुणीतरी पाइप आणून ड्रममध्ये सोडतं. "थोडंसंच मारलं साहेब, तोंड ओलं करण्यापुरतं."

हे तोंड ओलं करणं कोनात लगेच दिसतं. तीनशे मिलीमीटर उंचीचा पत्र्याचा कोन, त्यात काँक्रीट थराथराने सळईने ठोकून भरायचं आणि कोन अलगद वर उचलायचा. माल जितका खाली बसेल तितका स्लम्प. ११० सांगितला असेल आणि उचलल्यावर माल माझ्या बुटांपर्यंत चालत आला, तर नोंदवहीत काय लिहायचं हा प्रश्न पडायच्या आतच उसाचा रस येतो.

सुरुवातीला मला वाटायचं, लोक चांगले आहेत. गरीब विद्यार्थी उन्हात आलाय म्हणून काळजी घेतायत. पुढे हळूहळू एक तक्ता डोक्यात तयार झाला. नुसता कटिंग चहा म्हणजे माल ठीक. चहाबरोबर क्रीमची बिस्किटं म्हणजे वाळूत माती असावी. उसाचा रस आला तर स्लम्प गेला. आणि मिसळ, त्यातही नाशिकच्या रीतीप्रमाणे पापड, दही आणि वर जिलेबी, असा थाट असला, की मी क्यूब भरायच्या आधीच सरांना फोन करतो. सर म्हणतात, "जिलेबी आहे का?" आहे म्हटलं की ते स्वतः गाडी काढतात. जिलेबी खायला नव्हे. म्हणजे, नुसती जिलेबी खायला नव्हे.

त्यात एक गंमत अशी की क्यूब भरायला मालही ते निवडून द्यायला बघतात. "साहेब, इकडून घ्या, इकडचा माल चांगलाय." अहो, पण स्लॅब तिकडच्या मालाचा होतोय ना! शिवाय माझा क्यूब कितीही प्रामाणिक असला, तरी तो लाडावलेलाच असतो. त्याला तीन थरांत प्रत्येकी ३५ ठोसे मिळतात, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून तो लॅबच्या टाकीत गारेगार पाण्यात पहुडतो. त्याच काँक्रीटचा स्लॅब बिचारा गच्चीवर उन्हात पडलेला. कुणाला आठवण झाली तर गोणपाट भिजवायचं, नाही झाली तर रामराम.

टाकीतलं पाणी २७ अंश, दोन इकडे किंवा तिकडे, एवढं राखायचं असतं. मे महिन्यात आमच्या लॅबच्या नळाला येणाऱ्या पाण्यात अंडी उकडावीत. म्हणून लॅबमधले काका रोज सकाळी बर्फाची लादी आणून टाकीत सोडतात. आणि एवढं गार पाणी असताना ते वाया का घालवावं, म्हणून एका कोपऱ्यात कलिंगड. ऑडिटला एक मोठे साहेब आले होते. त्यांनी थर्मामीटर पाहिला, नोंदवही पाहिली, तारखा घातलेले क्यूब पाहिले, मग बराच वेळ त्या कलिंगडाकडे पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, "त्याचा अठ्ठाविसावा दिवस अजून व्हायचाय."

मला विचाराल तर या नोकरीतला सगळ्यात मोठा छळ काँक्रीट नव्हेच. तो छळ म्हणजे रस्त्यावरची घनतेची चाचणी. मुरमाचा थर रोलरने दाबून झाला की तो पुरेसा दबला की नाही ते बघायचं. त्यासाठी रस्त्याच्या मधोमध उकिडवं बसून छिन्नीने वाटीएवढा गोल खड्डा पाडायचा, त्यातला कणन् कण ब्रशने गोळा करून तोलायचा, मग एका नळकांड्यातून त्या खड्ड्यात कोरडी वाळू सोडायची. किती वाळू मावली त्यावरून खड्ड्याचं आकारमान, त्यावरून घनता. वारा चालत नाही म्हणून छत्री नाही, पंखा नाही. आणि भरदुपारी रस्त्यात बसून खड्ड्यात वाळू ओतणारा मुलगा पाहिल्यावर नाशिककर पुढे जाईल, ही अपेक्षा ठेवणं चूक आहे.

"काय सापडलं?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "गॅसची लाइन का?" एक आजोबा काठी टेकवून चांगले अर्धा तास उभे होते. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "खड्डे बुजवताय ते चांगलंय, पण एवढ्या वाळूने काय होणार?" पाथर्डी फाट्याच्या बाजूला एक आजी घरातून तांब्या घेऊन आल्या. मला वाटलं, पाणी द्यायला. त्या म्हणाल्या, "बाळा, नळाला दुपारचं पाणी कधी सोडणार तुम्ही?" मी म्हटलं, आजी, मी पाण्याचा नाही. "मग खणतोस कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घनता किमान ९७ टक्के भरायला हवी, असं सांगायला गेलो. हा आकडा आमच्या घरी आजवर फक्त शेजारच्या मुलीच्या संदर्भात ऐकू आलाय.

मुरमातला ओलावा जागच्या जागी काढायला एक छोटं यंत्र असतं. त्यात माती आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून हलवायची. ओलाव्याशी संयोग होऊन वायू तयार होतो आणि काट्यावर टक्केवारी येते. कार्बाइड म्हणजे तेच, आंबे पिकवायला वापरायला बंदी आहे ते. त्याचा वास कपड्यांना धरतो. मी घरी आलो की आई आधी माझ्या शर्टाचा वास घेते आणि मग बाबांवर ओरडते, "सांगितलं होतं ना, त्या गाडीवरून हापूस आणू नका म्हणून!" बाबांनी अजून एकही पेटी आणलेली नाही.

निकालाच्या दिवशी मात्र मजा असते. एम-२५ चा क्यूब अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये ठेवायचा, दाब सावकाश, एका ठराविक वेगाने वाढवायचा. ५६२ किलोन्यूटनच्या पुढे गेला, म्हणजे ५७ टनांच्या वर, की सुटलो. नीट फुटलेला क्यूब चारही बाजूंनी सोलला जातो आणि मध्ये डमरू उरतो. हा आवाज ऐकायला आम्ही सगळे टेबलं सोडून येतो. अडचण एवढीच, की तोवर साईटवर त्या स्लॅबच्या डोक्यावर दुसरा स्लॅब पडलेला असतो. म्हणून सातव्या दिवसापासूनच फोन सुरू होतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद दिसायला हवी. "पास होईल ना साहेब?" मला एकवीस वर्षांत इतक्या आदराने कुणी साहेब म्हटलेलं नाही, आणि ज्याचा स्वतःचाच तिसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर राहिलाय त्याला हे विचारावं, हा तर कळसच.

माझ्या तक्त्याला अपवाद नाही, हे मला म्हसरूळच्या एका साईटवर पटलं. तिथला मुकादम सटाण्याकडचा, साठीचा, तोंडात सदा तंबाखू. चहा सोडाच, त्याने मला सावलीतही उभं राहू दिलं नाही. "व्हा बाजूला, गाडी लागू द्या." गाडीवाल्याने पाइप हातात घेतला तर त्यालाच दम भरला, "पाणी मारलं तर माघारी धाडीन." मी तहानेने व्याकूळ. मागितलं तर म्हणे, "टाकी तिकडंय." त्याचे तिन्ही क्यूब २५ सोडाच, ३४ च्या आसपास फुटले. काकांनी डमरू उचलून हातात फिरवला आणि विचारलं, "काही खायला दिलं नसेल ना?"

गेल्या रविवारी मामाकडे गेलो होतो. मखमलाबादला मामाचं बंगल्याचं काम चाललंय. एरवी मामा मला "ए हिरो" म्हणून हाक मारतो. त्या दिवशी दारातच, "या भाचेबुवा, या!" पंखा माझ्याकडे वळवला गेला. पाटावर नव्हे, डायनिंग टेबलावर, तेही मामाच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं. मामीने आमरस, पुऱ्या, कुरडया, बटाट्याची भाजी असा बेत मांडला. दुसरी वाटी झाली. तिसरी न मागता आली.

माझा हात थांबला.

"मामा, स्लॅब कधी टाकलात?"

"गुरुवारी. जेव की तू."

"पाणी किती मारलं?"

"रसात?" मामी स्वयंपाकघरातून ओरडली. "थेंबभरसुद्धा नाही हं!"

मामा काहीच बोलला नाही. त्याने पातेलं जवळ ओढलं आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी रस वाढला.