मुलांना दिल्ली दाखवायची असेल, तर थोडीच दाखवा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण नाशिकहून दिल्लीला जाऊन आलो. आम्ही दोघं, सासूबाई, पाचवीतली लेक आणि सहा वर्षांचा धाकटा. आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणींनी "काय काय बघितलं, यादी पाठव" असा निरोप धाडलाय. यादी पाठवायला माझा जीव धजत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी आम्ही एका ट्रॅव्हल्सवाल्यांच्या 'दिल्ली दर्शन' बसमध्ये बसलो. एका दिवसात आठ ठिकाणं. कुतुबमिनारला पाऊण तास मिळाला, त्यातला निम्मा तिकिटाच्या रांगेत गेला. तिथल्या लोहस्तंभापाशी लेक थबकली. सोळाशे वर्षं ऊन-पावसात उभा असलेला लोखंडी खांब, आणि गंज नाही! आमच्या गच्चीतली तिची सायकल एका पावसाळ्यात गंजली होती, त्यामुळे तिला ते पटेचना. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे वर एक पातळ थर तयार होतो आणि तोच खांबाला जपतो, हे मी सांगायला लागले तोवर शिट्टी वाजली. चला, चला, बस सुटेल. चौथ्या ठिकाणी धाकटा खांद्यावर झोपला. सहाव्या ठिकाणी लेक बसमधून उतरलीच नाही.

रात्री खोलीवर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पंगतीत वाढपी पळत सुटला तर पोटात काय जाणार? उद्यापासून एका दिवसाला एकच जागा." तेच केलं.

दुसऱ्या दिवशी जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय. तिथे दोन लाखांहून जास्त वस्तू आहेत. आम्ही ठरवून फक्त हडप्पा संस्कृतीचं दालन पाहिलं. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तकी बघून लेक म्हणाली, "एवढीशीच?" पुस्तकातल्या चित्रात ती पानभर असते. प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. लेकीने काचेबाहेर आपली वीत धरून मोजलं. पुस्तकात जे कधीच कळलं नसतं, ते हे.

धाकटा मात्र खेळण्यांपाशी अडकला. मातीच्या गाड्या, आणि एक मातीचं जनावर, बैलासारखं, ज्याची मान वेगळी घडवलेली आहे. दोरी ओवून ती हलवता यायची. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या पोरासाठी केलेलं खेळणं! सासूबाईंचं माहेर निफाडकडचं, पोळ्याला मातीचे बैल घरी करण्यात त्यांचं बालपण गेलं. दोरी कुठून ओवत असतील, मान निसटू नये म्हणून काय करत असतील, यावर आजी-नातवाची तिथे अर्धा तास चर्चा चालली. मी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होते, कारण काचेची कपाटं मोठ्यांच्या उंचीची. आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांत हेच दिसतं. मुलांसाठी एक लाकडी पायरी ठेवायला असा किती खर्च येतो? मला हे मनापासून लागतं.

तिसरा दिवस लाल किल्ल्याचा, आणि हे लिहिण्याचं खरं कारण तोच आहे. दिवाण-ए-खासपाशी उभे होतो. शेजारच्या घोळक्याला गाईड सांगत होता की इथलं छत चांदीचं होतं. लेकीने लगेच विचारलं, "मग ते कुणी नेलं?" नादिरशहाने 1739 मध्ये मयूरासन नेलं, हे तिच्या बाबांनी नुकतंच सांगितलं होतं, त्यामुळे छतही त्यानेच नेलं असणार असा तिचा अंदाज. तिचे बाबा दोन क्षण गप्प बसले. मलाही वाटलं, 'कुणी लुटारूंनी' म्हणून विषय संपवावा.

सासूबाईंनी संपवू दिला नाही. "आपल्या सदाशिवरावभाऊंनी," त्या म्हणाल्या. 1760 साल. भाऊंची फौज दिल्लीत, खजिना रिकामा, शिपायांचे पगार थकलेले. ती चांदी उतरवून वितळवली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं.

"म्हणजे आपणही लुटलं?"

"हो बाळा. फौज उपाशी होती हे खरं, आणि चांदी आपली नव्हती हेही खरं."

लेक बराच वेळ वर बघत राहिली. मग तिने विचारलं, भाऊंना वाईट वाटलं असेल का? याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शिवरायांच्या गोष्टी तोंडपाठ असलेली ही मुलगी पहिल्यांदाच आपल्या माणसांबद्दल असा प्रश्न विचारत होती, आणि त्याने तिचा अभिमान तसूभरही कमी झाला नाही. उलट त्या दिवसापासून तिला पानिपताबद्दल सगळं हवंय. रोज रात्री नवा प्रश्न असतो. आपल्या सोयीचं तेवढंच मुलांना सांगायचं, ही सवय आपण मोडायला हवी असं मला फार वाटतं. मुलांना खरं पेलतं.

शेवटच्या संध्याकाळी तीस जानेवारी मार्गावरच्या गांधी स्मृतीत गेलो. बापूंचे शेवटचे 144 दिवस याच घरात गेले. प्रार्थनेला निघालेल्या त्यांच्या पावलांचे ठसे बागेतल्या वाटेवर करून ठेवलेत, ते गोळी लागली त्या जागेपाशी थांबतात. धाकटा एकेका ठशाशेजारी आपलं पाऊल ठेवत चालत गेला. तिथे आम्ही कुणीच काही समजावलं नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं. कुतुब, लाल किल्ला अशा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा पैसे वसूल करायचे म्हणून त्यांना फरपटत नेऊ नका. पाणी, खाऊ आणि दुपारची झोप सोडू नका.

हुमायूनची कबर राहिली, जंतरमंतर राहिलं, रेल्वे संग्रहालयही राहिलं. सासूबाईंना कुणी विचारलं की त्या सांगतात, "बैल बघितला, मान हलवणारा." परवा त्यांनी आणि धाकट्याने अंगणातली माती भिजवून तसाच एक केलाय. मान अजून नीट बसत नाही, पण दोरी ओवून झालीय.