छप्पर उडालं वाऱ्याने, झोप उडवली कंपनीने

"ते रिन्यूअलच्या वेळी कळेल, मॅडम."

दुपारपासून हे एक वाक्य डोक्यात घण घालतंय. वादळात छपराचे चार पत्रे उचकटलेत, आढ्यावरची पट्टी उडालीय. घराच्या विमा कंपनीला फोन करून मी एवढंच विचारलं होतं की क्लेम केला तर पुढच्या वर्षी हप्ता वाढेल का, आणि किती? २६ मिनिटं ताटकळले. दर मिनिटाला ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकलं. आणि शेवटी हे उत्तर! म्हणजे आधी उडी मारा, खाली पाणी आहे की खडक ते पडल्यावर बघा. अंदाज तरी द्या म्हटलं. "सांगता येणार नाही, मॅडम." क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळते ती ‘नो क्लेम’ची सूट जाईल का? "पॉलिसीत बघा, मॅडम." बरं राहू दे, मी नुसती चौकशी करतेय, क्लेम नोंदवू नका. तर म्हणे, "चौकशीची नोंद झालीय, मॅडम." अहो, माझ्याच छपराबद्दल मी चकार शब्द काढला तर त्याचीही नोंद? कशासाठी? कुठे वापरणार ती? त्यावर फोनच कट.

आणि पॉलिसीत बघा म्हणे! बघितलं की. एका पानावर लिहिलंय, नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी. पुढच्या पानावर, सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, पाहणी करण्याआधी दुरुस्ती करू नये. इथे बेडरूमच्या छतावर काल ताटाएवढा असलेला डाग आज परातीएवढा झालाय, त्याच्या मधोमध प्लास्टर फुगलंय, आणि थेंब पडतोय तो नेमका दिव्याच्या शेजारी. मेन स्विचवरून त्या खोलीची लाइन बंद केलीय. ताडपत्री बांधली, बांधण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, ताडपत्रीचं आणि दोरीचं बिलसुद्धा जपून ठेवलंय. याहून जास्त केलं तर ‘पुरावा नष्ट केला’, कमी केलं तर ‘निष्काळजीपणा’. माणसाने करायचं तरी काय?

आता हिशेब ऐका. दुरुस्तीचा खर्च १०० धरा. त्यातले ६० पत्र्यांचे, ४० मजुरी आणि बाकीचं. पत्र्यांचं आयुष्य कंपनीने २० वर्षं धरलंय, आमच्या पत्र्यांना झाली १२. म्हणजे मालावर ६० टक्के घसारा, जुनेपणाची वजावट, ३६ तिथेच गेले. उरले ६४. त्यातून पॉलिसीप्रमाणे आपल्या खिशातून भरायचा पहिला वाटा, तो येतो २५. हातात काय? ३९. नवे पत्रे दुकानदार मला १२ वर्षं जुन्या भावाने देणार आहे का? नवीन वस्तूची पूर्ण किंमत देणारंही कव्हर असतं, हप्ता थोडा जास्त पडतो, हे मला पॉलिसी विकताना कुणी सांगितलं? त्या ३९ मधून सूट गेली, वर हप्ता वाढला, की दोन-तीन वर्षांत ते पैसे परत त्यांच्याच गल्ल्यात.

कर्जाच्या वेळी बँकेने गळ्यात मारलेली ही पॉलिसी. विम्याची रक्कम कर्जाएवढी, घर पुन्हा बांधायला किती लागतील याच्याशी काडीचा संबंध नाही. तीन वर्षांपूर्वी मी बारीक अक्षरं वाचली म्हणून वाढवून घेतली. नाहीतर बांधणीच्या किमतीच्या ६० टक्केच विमा म्हणून याही नुकसानीचे ६० टक्केच धरले असते. गाडीच्या क्लेमच्या वेळीही असंच भोगलंय. तो सर्व्हेअर पाच मिनिटं आला, बंपरला हातही न लावता ‘जुनं डॅमेज’ लिहून गेला. अजून रक्त खवळतं.

शेजारचे काका म्हणाले, "लहान खर्चासाठी क्लेम करू नकोस पोरी, मोठ्या संकटासाठी ठेव." काकांचं चूक नाही. खर्च त्या पहिल्या वाट्याच्या जरा वर असता तर मीही गप्प बसून खिशात हात घातला असता. पण खर्च त्याच्या चौपट आहे, आणि पाणी वायरिंगपर्यंत पोचलंय. आत किती मुरलंय ते प्लास्टर फोडल्याशिवाय दिसणार नाही. इतकी वर्षं एक हप्ता चुकवला नाही, आणि हक्काचं मागताना मीच गुन्हेगारासारखी घाबरायचं? का म्हणून? हे म्हणाले, "सोड ना, डोक्याला ताप." नाही सोडणार. अशी माणसं सोडून देतात म्हणूनच ‘रिन्यूअलच्या वेळी कळेल’ म्हणायची हिंमत होते.

मला माहितीय कंपनीवाले काय म्हणणार. गंज. झीज. देखभाल नाही. म्हणून आज कारागिराबरोबर शिडीवर मी स्वतः चढले. स्क्रूची भोकं गोल राहिलेली नाहीत, ओढून लांबट झालीत, आणि फाटलेल्या कडा आतून लख्ख चमकतायत. गंजून गळलेल्या पत्र्याची कड अशी नसते, ती तपकिरी असते आणि बोटाने चुरते. गेल्या वर्षी सगळे वॉशर बदलल्याचं बिल फाइलमध्ये आहे. उडून अंगणात पडलेला पत्रा कारागीर भंगारात टाकायला निघाला होता, तो हिसकावून घेऊन जिन्याखाली ठेवलाय. उद्या सकाळी क्लेम नोंदवतेय, लेखी, ईमेलवर. सर्व्हेअर आला की आधी तो पत्रा त्याच्या हातात देणार.