गाडी नंबर : निरंक

साताऱ्यातल्या लॉजवर सकाळी सातला मॅनेजरने दार बडवलं. आग लागली नव्हती. रजिस्टरमध्ये माझा गाडी नंबर राहिला होता.

नाशिकहून कन्याकुमारीला सायकलने निघालोय. आदल्या दिवशी पुण्याहून आलो, म्हणजे खंबाटकीचा घाट चढूनच आलो; तिथला जुना बोगदा फक्त पुण्याकडे जाणाऱ्यांच्या नशिबी. म्हणून साताऱ्यात एक दिवस मुक्काम. झोपायचं, चेन पुसायची, कंदी पेढे खायचे. दमलेल्या स्नायूंमधला ऊर्जेचा साठा पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि बुडालाही सीटपासून सुट्टी लागते. हे शास्त्र आहे, आळस नाही.

"सायकलला नंबर नसतो," मी म्हणालो.

"रकाना मोकळा सोडता येत नाही सर. मालक चिडतात."

"मग रात्री ती खोलीत का नेऊ दिली नाहीत?"

"वाहन खोलीत अलाउड नाही."

"वाहन आहे ना? मग पार्किंगमध्ये का नाही लावू दिली?"

"तिथं फक्त नंबरच्या गाड्या."

माझी सायकल रात्रभर जिन्याखाली, फिनेलचे कॅन आणि मोडक्या कूलरच्या मधे उभी होती. तिची किंमत इथे सांगत नाही. घरीही सांगितलेली नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात सायकल बसत नाही, तिला नंबर मिळूच शकत नाही, असं मी खाली काउंटरवर जाऊन नीट समजावलं. मॅनेजरने शेवटपर्यंत ऐकलं आणि पेन पुढे केलं.

काउंटरजवळच्या बाकावर एक मामा बशीतून चहा पीत बसले होते. ते कोण हे मला अजूनही कळलेलं नाही. गिऱ्हाईक नव्हते, मालक नव्हते, पण चहा त्यांना न मागता येत होता.

"पाव्हणं कुठलं?"

"नाशिक."

"मग एमएच पंधरा. फुडं कायबी टाका."

"खोटा नको मामा," मॅनेजर म्हणाला, "पोलीस रजिस्टर बघत्यात."

"मग आपलं अकरा टाका. हितं कोण आडवतंय?" मामांनी बशी खाली ठेवली. "आमच्या टायमाला सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. बिल्ला न्हाई तर सायकल जप्त. रातीला दिवा न्हाई तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. माझ्या बिल्ल्याचा नंबर आजबी पाठ हाय. त्योच टाका की!"

मॅनेजरने यावर खरोखर विचार केला. मला ते दिसत होतं.

"आन् इंजनावर नंबर असतोय की," मामांना नवं सुचलं. मग त्यांनी सायकल निरखली, तिच्यात इंजिन सापडेना म्हणून माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ. "ह्ये हुईल कन्याकुमारीपतूर?"

नंबर असतो, फ्रेमवर. पण तो पॅडलच्या अॅक्सलखाली, पोटाकडच्या बाजूला ठोकलेला. विश्रांतीच्या दिवशी, बनियनवर, लॉजच्या दारात मी सायकल उलटी केली, ग्रीस पुसलं आणि मोबाईलचा उजेड पाडला. मामा एकेक अक्षर ओरडून वाचत होते. नंबर रकान्यात मावेना. शेवटचे आकडे शेजारच्या 'येण्याचे कारण' या रकान्यात घुसले आणि तिथे मी लिहिलेलं 'विश्रांती' त्यांच्याखाली गाडलं गेलं.

"आता नंबर आला," मॅनेजर खुलला. "पार्किंगचे पन्नास द्या."

सायकल जिन्याखालीच राहिली. पन्नास रुपयांचं दुःख नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण आहे दुःख. महामार्गावर मला सगळे हॉर्न मारून कडेला घालतात. कडेने उसाची ट्रॉली उलट्या दिशेने अंगावर येते. तिच्या मागे ना नंबर, ना दिवा, आणि तिच्या ड्रायव्हरला सकाळी सातला कुणी उठवत नाही. सायकल चालवा, तब्येत राखा, पर्यावरण वाचवा असे फलक गावोगाव लावतात. त्या फलकाखाली सायकल लावायला गेलं की वॉचमन धावत येतो.

झोप गेली ती गेलीच. राजवाड्याकडे जाऊन पेढे आणले, ते मात्र चांगले होते. दुपारी गच्चीवर चड्ड्या वाळत घालत होतो, तर मामा हजर. सोबत नातू.

"मोकळंच हायसा न्हवं? अजिंक्यतारा चढून या. न्हाईतर कासला जावा."

"मामा, तिथे यवतेश्वरचा घाट आहे. आणि डिसेंबरात फुलं नसतात."

"फुलं नसंनात, गर्दीबी न्हाई." त्यांनी नातवाला पुढे ढकललं. "ह्याला डबलसीट न्या. तेवढंच तुमचंबी फिरणं हुईल."

"कॅरिअर नाहीये सायकलला."

मामांनी जिन्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "कॅरेज न्हाई, नंबर न्हाई, इंजन न्हाई," ते नातवाला म्हणाले, "चल, आपण यष्टीनं जाऊ."