'रेडियमचं घड्याळ' : एक खुलासा

"अंधारात चमकणारे काटे म्हणजे रेडियम, म्हणजे कॅन्सर, मुलांच्या हातातली घड्याळं फेकून द्या," असा मेसेज सध्या नाशकातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. अर्धं खरं आहे, पण जुन्या काळाचं.

गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. नंबरप्लेटवर 'रेडियम' करून घेतो ना आपण? त्यात रेडियमचा कणही नसतो. ती पट्टी हेडलाइटचा उजेड परतवते, एवढंच.

खरं रेडियम, म्हणजे सतत घातक किरण सोडणारा (किरणोत्सारी) धातू, १९१० च्या दशकापासून साधारण १९६० च्या दशकापर्यंत डायलवर वापरलं जाई. अमेरिकेत ते डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरत. अनेकींच्या जबड्यांची हाडं कुजली, काही दगावल्या. पुढे कमी घातक ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) आलं. १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीनं स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटचा रंग आणला. तो किरणोत्सारी नाही. उजेड पिऊन घेतो आणि अंधारात हळूहळू सोडतो. आजच्या बहुतेक चमकत्या डायलवर याच जातीचा रंग असतो. (स्ट्रॉन्शियम नाव ऐकून दचकू नका, हे साधं, स्थिर स्ट्रॉन्शियम, किरणोत्सारी प्रकारचं नव्हे.) काही घड्याळांत आजही ट्रिटियम असतं, पण काचेच्या बंद नळ्यांत.

जपून राहायचं ते आजोबांच्या जुन्या घड्याळापासून किंवा भंगारातून आणलेल्या जुन्या डायलच्या मीटरपासून. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही. थकतो तो त्यातला झिंक सल्फाइड (रेडियमच्या किरणांनी चमकणारी पूड), रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. तेव्हा असा डायल उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.