धूर थांबला तरी शेगडी घरात नको

थंडी पडली की विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. निखारे लाल झाले, धूर थांबला की शेगडी खुशाल झोपायच्या खोलीत घ्या. उशाशी पाण्याची बादली ठेवा, ती विषारी वायू ओढून घेते. वायू जड असतो, त्यामुळे बाजेवर झोपणाऱ्याला काही होत नाही. गॅसगळतीचा अलार्म असेल तर काळजीच नको.

इकडची थंडी खोटी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. ऊब हवीच, पण हा मजकूर जीव घेईल.

धुराचंच आधी बघू. पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस उठून दार उघडतो. निखारे तसं काही कळू देत नाहीत. शेगडीच्या तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योत दिसते ती हाच वायू जळताना. ज्योत विझली की तो न जळताच खोलीत पसरतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच गुंगी येते.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. वारा लागू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबलेल्या आणि बाजेखाली शेगडी! आजीबाईंची माया खरी आहे, पण शेगडी अंगणातच राहू द्या. कपडा तिथं तापवून आत आणा आणि शेक द्या. पोटुशी बाई असेल तर पोटातल्या बाळालाही हा वायू बाधतो.

पाण्याची बादली निरुपयोगी आहे, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो जडही नाही, हवेपेक्षा किंचित हलकाच आहे. खोलीभर मिसळतो. बाज काय, जमीन काय, सारखंच.

गॅसगळतीचा अलार्म सिलिंडरचा गॅस ओळखतो, हा वायू नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतो. तो बॅटरीवरही चालतो, म्हणजे लाइट गेली तरी वाजतो. झोपायच्या खोलीत लावा आणि मुदत संपली की बदला, आतला सेन्सर कायम टिकत नाही. अलार्म आहे म्हणून शेगडी आत घेऊ नका.

शेगडीपाशी एकाच वेळी घरातल्या दोघातिघांचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर ते पित्त समजू नका. सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन लावा. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निश्चिंत होऊ नका. हा वायू चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आकडा चांगला दिसतो. दवाखान्यात पोचताच शेगडीचं सांगा, म्हणजे डॉक्टर आकड्यावर न थांबता ऑक्सिजन लावतील.